टर्बोच्या अलीकडे, टर्बोच्या पलीकडे : वडगाव-शिरोली पट्ट्यातील एक्झॉस्टची वाटचाल

टर्बो बसवलेल्या इंजिनात जळलेल्या वायूच्या वाटेचे दोन भाग पडतात. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून टर्बाइनच्या पात्यांपर्यंतचा पहिला, आणि टर्बाइनमधून सुटल्यापासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंतचा दुसरा. दोन्ही भागांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. टर्बोच्या अलीकडे वाट आखूड, बेताच्या मापाची आणि उष्णता धरून ठेवणारी लागते, कारण वायूतला दाब आणि ताप यांवरच टर्बाइन फिरते. टर्बोच्या पलीकडे तीच वाट जमेल तितकी मोकळी लागते, कारण तिथला प्रत्येक अडथळा टर्बाइनच्या कामातून वजा होतो. पाइप किती इंची घ्यावा आणि तो कुठून न्यावा, या प्रश्नाचे उत्तर या फरकात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील पेठ वडगाव, वाठार, शिरोली या पट्ट्यात हे दोन भाग दोन निराळ्या धंद्यांच्या वाट्याला आले. अलीकडचा भाग बिडाचा. तो फाउंड्रीत ओतला जातो. पलीकडचा भाग नळीचा आणि पत्र्याचा. तो गॅरेजात वाकवला आणि जोडला जातो. दोन्ही धंद्यांची पाळेमुळे शेतीच्या इंजिनात आहेत, आणि टर्बो आल्यावर दोघांनाही जुन्या शिकवणुकीतले काही बाजूला ठेवावे लागले.

गुऱ्हाळाचे इंजिन

पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील जुने बाजाराचे गाव. सेनापती धनाजी जाधव यांची समाधी इथे आहे. गावाची ओळख मात्र सोमवारच्या आठवडी बाजाराने आणि त्यात भरणाऱ्या जनावरांच्या बाजाराने घडली. पश्चिमेला वारणानगर-कोडोलीचा ऊसपट्टा, थोड्या अंतरावर वाठारजवळून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग आणि दक्षिणेला शिरोलीची औद्योगिक वसाहत, अशी या गावाची चौकट आहे. शेती, वाहतूक आणि ओतकाम या तिन्ही धंद्यांची वर्दळ त्यामुळे एकाच रस्त्यावर राहिली.

कोल्हापुरी गुळासाठी ऊस गाळणारा चरक पूर्वी बैल ओढत. विहिरीवर मोट चाले. विसाव्या शतकात दोन्ही ठिकाणी ऑइल इंजिन आले. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात उभी राहिली. कोल्हापुरात यंत्रविद्येची परंपरा सांगताना म्हादबा मेस्त्री यांचे नाव आरंभी घेतले जाते. हाताने शिकलेल्या अशा मिस्त्रींच्या पिढीने आधी दुरुस्ती केली, मग सुटे भाग बनवले, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत शिवाजी उद्यमनगरातून पूर्ण ऑइल इंजिने बाहेर पडू लागली.

या इंजिनांची धुराची वाट अगदी साधी होती. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला १,५०० फेरे घेणारे इंजिन चार स्ट्रोकचे असल्यामुळे मिनिटाला ७५० वेळा धूर सोडते, म्हणजे सेकंदाला साडेबारा धक्के. बिडाचा एक बाक, त्याला आटे पाडलेला लोखंडी पाइप आणि वर पत्र्याचा किंवा बिडाचा डबा, एवढ्यावर काम भागे. खोपीच्या भिंतीतून पाइप बाहेर काढला की झाले.

तरीही या साध्या जोडणीतून मिस्त्रींना पाइपाचे दोन धडे मिळाले. पाइप फार बारीक झाला तर धूर काळा होतो, इंजिन तापते आणि भार घेत नाही. पाइप फार रुंद केला तर आवाज वाढतो, जोर वाढत नाही. दुसऱ्या धड्यामागचे कारण वायूच्या वेगात आहे. व्हॉल्व्ह उघडताच सुटलेला वायूचा लोट पाइपातून पुढे धावतो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब उतरतो. त्या उताराचा फायदा घेऊन सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढला जातो. वेग टिकवायचा तर पाइप बेताचाच हवा आणि त्याची लांबी इंजिनाच्या फेऱ्यांना जुळणारी हवी. साध्या इंजिनासाठी हा हिशेब खरा आहे. मोटारसायकली आणि जीप यांच्या सायलेन्सरमध्ये तोच उतरला. त्यातूनच ‘थोडे बॅक प्रेशर (धुराला उलट अडवणारा दाब) लागतेच’ ही समजूत गॅरेजांत पक्की झाली. वास्तविक फायदा वेगाचा होता, अडथळ्याचा नव्हे. पण बारीक पाइपात दोन्ही एकत्र येत असल्याने फरक कुणाला जाणवला नाही. टर्बोने तो उघड केला.

ब्यूखीचा विचार

स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. इंधनातील उष्णतेचा मोठा वाटा धुराबरोबर वाया जातो हे त्याच्या विचाराचे मूळ होते. त्या धुरावर एक टर्बाइन फिरवायचे, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र बसवायचे आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून जास्त काम मिळते. १९२० च्या दशकात जर्मनीतील दोन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसले आणि प्रत्येक इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली.

एक्झॉस्टच्या मांडणीच्या दृष्टीने ब्यूखीचे १९२५ च्या सुमाराचे काम अधिक महत्त्वाचे आहे. सगळ्या सिलिंडरांचा धूर एका मोठ्या पेटीत गोळा करून टर्बाइनला दिला, तर दाब सारखा राहतो पण धक्क्यांचा जोर विरून जातो. त्याऐवजी अरुंद नळ्यांतून तो धक्का तसाच टर्बाइनपर्यंत नेला तर जास्त काम मिळते. मात्र दोन सिलिंडरांचे धक्के एकाच नळीत एकमेकांवर येता कामा नयेत, नाहीतर एकाचा दाब दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हमधून आत शिरतो.

चार सिलिंडरांच्या इंजिनात पेटण्याचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो. क्रँकच्या दर १८० अंशांना एक सिलिंडर धूर सोडतो, आणि व्हॉल्व्ह मात्र त्याहून जास्त काळ उघडा राहतो. म्हणून लागोपाठचे दोन सिलिंडर एका नळीत घातले की ते एकमेकांना अडवतात. पहिला आणि चौथा एका नळीत, दुसरा आणि तिसरा दुसरीत, अशी वाटणी केली की प्रत्येक नळीत धक्क्यांमधले अंतर ३६० अंशांचे होते. सहा सिलिंडरांच्या ट्रकमध्ये पुढचे तीन आणि मागचे तीन अशी वाटणी जमते आणि अंतर २४० अंशांचे मिळते. टर्बाइनच्या तोंडाशी मधोमध भिंत असलेले घर, ज्याला ट्विन स्क्रोल म्हणतात, ते याच विचाराचे आजचे रूप आहे.

मोटारगाड्यांत टर्बो येण्यास वेळ लागला. अमेरिकेत १९६२ मध्ये ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेअर या गाड्यांत तो बसला. युरोपात १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७४ मध्ये दाखवलेली पोर्शे ९११ टर्बो आणि १९७७ ची साब ९९ टर्बो या गाड्यांनी तो लोकांपुढे आणला. साबने टर्बो मुद्दाम लहान घेतला, म्हणजे तो कमी फेऱ्यांतही जागा होतो, आणि जास्तीचा धूर बाजूने सोडून देणारे वेस्टगेट वापरले. कौटुंबिक गाडीत टर्बो कसा रुळवावा याचा नमुना त्यातून मिळाला.

वाळूने घडवलेली वाट

कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांचा भरभराटीचा काळ विजेच्या पंपांनी संपवला. खेड्यांत वीज पोहोचली तशी विहिरीवरची इंजिने कमी झाली. इंजिनांसाठी उभ्या राहिलेल्या फाउंड्र्यांनी मग मोटार-उद्योगाची कामे घेतली. पुण्याच्या पट्ट्यात ट्रक, टेम्पो आणि मोठी डिझेल इंजिने बनू लागली होती. किर्लोस्कर कमिन्सचा कारखाना तिथे १९६२ मध्येच आला होता. त्या कारखान्यांना ब्लॉक, हेड, फ्लायव्हील हाउसिंग, गिअरबॉक्सच्या पेट्या आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागत. उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव मिळून कोल्हापूर हे देशातले एक प्रमुख ओतकाम-केंद्र झाले. पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीची भर पडली.

मॅनिफोल्ड ओतणे हे आतल्या पोकळीचे काम आहे. बाहेरचा आकार साच्यात उमटतो. आतली धुराची वाट मात्र वाळूच्या कोअरने घडते. बारीक, धुतलेली वाळू राळेत मळून पेटीत दाबतात आणि ती कडक झाली की जशी पोकळी हवी तशा आकाराचा वाळूचा गाभा हाती येतो. तो साच्यात टेकूंवर बसवतात, वरचा साचा झाकतात आणि वितळलेले बीड ओततात. राळ जळून निघणारा वायू बाहेर पडायला कोअरमध्ये भोके ठेवावी लागतात, नाहीतर तो धातूत अडकून पोकळ जागा राहते. ओतीव थंड झाली की वाळू झटकून काढतात, कोअरच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर आलेली पातळ कड छिन्नीने किंवा ग्राइंडरने उडवतात आणि आतून छर्ऱ्यांचा मारा करून सफाई करतात.

ऑइल इंजिनाच्या काळात या सफाईत थोडे उणे राहिले तरी चालून जाई. आत चिकटलेला वाळूचा कण पाइपातून उडून बाहेर पडे. टर्बोच्या मॅनिफोल्डमध्ये तोच कण थेट पात्यांवर जाऊन आदळतो, आणि मोटारीच्या टर्बोचे चाक मिनिटाला लाख-दोन लाख फेरे घेत असते. पाते टवकले की चाकाचा तोल जातो आणि बेअरिंग संपते. वाटेत राहिलेली कड लोट फाटवते, आणि अरुंद नळीत तिचा परिणाम रुंद नळीपेक्षा जास्त होतो. म्हणून टर्बोच्या कामात आतल्या पोकळीची तपासणी बाहेरच्या मापाइतकीच कडक झाली.

धातूही बदलावा लागला. साधे करडे बीड सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्यापुढे ते फुगते आणि तडकते. डिझेल टर्बोच्या तोंडाशी पूर्ण भारावर ७५० ते ८५० अंश तापमान येते, पेट्रोल टर्बोत ९५० ते १,०५० अंश. पहिल्यासाठी सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम वाढवलेले एसजी आयर्न प्रकारचे बीड लागते, त्याहून वर भरपूर निकेल घातलेले बीड आणि शेवटी उष्णता सोसणारे पोलाद. पातळ भिंतीचा, आतून गुळगुळीत आणि न तडकणारा मॅनिफोल्ड ओतणे ही टर्बोच्या अलीकडच्या भागाची खरी कारागिरी आहे. गॅरेजात सहसा या भागाला हात लावला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

महामार्गावरचा टर्बो

वाठार आणि शिरोलीच्या गॅरेजांना टर्बोची ओळख ट्रकांमुळे झाली. भारतात पेट्रोल गाड्यांना १९९१ मध्ये आणि डिझेलला १९९२ मध्ये धुराचे पहिले नियम लागू झाले; १९९६ मध्ये ते कडक झाले आणि २००० मध्ये युरो-१ च्या बरोबरीचे नियम आले. भरलेल्या ट्रकचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने जास्त पडलेले इंधन. टर्बो जास्त हवा देतो, म्हणून तेवढ्याच इंधनात धूर कमी होतो आणि शक्तीही वाढते. टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या टर्बो इंजिनांचे ट्रक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रस्त्यावर दिसू लागले. आंबा, फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने कोकणात उतरणाऱ्या आणि परत चढणाऱ्या गाड्यांना त्याचा फायदा मोठा होता. कोल्हापूरची उंची समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे; तिथली हवा कोकणाच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे ५ टक्के विरळ असते, आणि ही तूट टर्बो भरून काढतो.

टर्बोच्या ट्रकने मिस्त्रींना नवा धडा दिला. जुन्या ट्रकचा सायलेन्सर चेपला किंवा आतून काजळीने भरला तर गाडी थोडी मंदावे. टर्बोच्या ट्रकचा सायलेन्सर तसाच झाला तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, चढत नसे, धूर काळा होई आणि टर्बो तापून तेल टाकू लागे. कारण साध्या गणितात आहे. टर्बाइनच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांच्या गुणोत्तरावर त्याचे काम ठरते. समजा, ते गुणोत्तर २ आहे आणि टर्बाइननंतर १.१ बार दाब आहे. मग आधीचा दाब २.२ बार. मागचा पाइप कोंडल्यामुळे नंतरचा दाब १.३ बार झाला, तर तेवढेच काम मिळवायला आधीचा दाब २.६ बार लागतो. पाइपाने ०.२ बारचा अडथळा घातला आणि पिस्टनला ०.४ बारविरुद्ध धूर ढकलावा लागला. टर्बोच्या पलीकडे ‘थोडे बॅक प्रेशर’ कधीच उपयोगी नसते, हे या हिशेबातून स्पष्ट होते. धुराचे धक्के टर्बाइनने आधीच मोडलेले असल्यामुळे ओढ धरणाऱ्या बारीक पाइपाचा जुना फायदाही तिथे उरत नाही.

घरच्या गाडीत टर्बो

प्रवासी गाड्यांत १९९८ च्या टाटा सफारीच्या दोन लिटर टर्बो डिझेलने अनेकांना टर्बोची ओळख करून दिली. २००४ च्या सुमारास स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही १.८ लिटर टर्बो पेट्रोल गाडी भारतात आली आणि वेगाच्या शौकिनांचे लक्ष तिच्याकडे गेले. खरा प्रसार मात्र फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलने केला. १,२४८ घनसेंटिमीटरचे हे इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांतून घराघरांत पोहोचले. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनत असे. ठरावीक टर्बोवर ते ७५ अश्वशक्तीचे आणि पात्यांचा कोन बदलणाऱ्या टर्बोवर ९० अश्वशक्तीचे होते. इंजिन तेच ठेवून टर्बो आणि त्याची जुळणी बदलली की शक्ती बदलते, हे ग्राहकाला पहिल्यांदा कागदावर दिसले. चाकणला बनणाऱ्या पोलोची जीटी टीएसआय ही टर्बो पेट्रोल आवृत्ती २०१३ मध्ये आली, आणि २०१७ च्या टाटा नेक्सॉननंतर टर्बो पेट्रोल ही मध्यमवर्गीय गाडीची नेहमीची गोष्ट झाली.

कोल्हापूरला मोटारशर्यतींचीही परंपरा आहे. मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरचा ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यत-मालिकांत टर्बो गाड्या चालवत होता. अशा एकाच गाडीच्या मालिकांत सर्वांचा एक्झॉस्ट सारखाच ठेवावा लागतो. रस्त्यावरच्या शौकिनाला मात्र इंजिनाचा संगणक पुन्हा लिहून बूस्ट वाढवण्याची आणि त्याबरोबर पाइप बदलण्याची वाट मोकळी दिसली. २०१० नंतर टर्बो गाडीचा डाउनपाइप, म्हणजे टर्बोला लागून असलेला पहिला पाइप, बदलणे हे काम कोल्हापूर-सांगली परिसरातील गॅरेजांकडे येऊ लागले, आणि मापाचा प्रश्न रोजचा झाला.

माप कसे ठरते

पाइपाचे माप गाडीच्या घनक्षमतेवरून ठरत नाही. एका सेकंदाला किती वायू बाहेर पडतो त्यावरून ठरते, आणि टर्बो इंजिनात त्याचा अंदाज अश्वशक्तीवरून येतो. पेट्रोल इंजिनाला दर १०० अश्वशक्तीला मिनिटाला सुमारे साडेचार किलो हवा लागते. २०० अश्वशक्तीसाठी हवा आणि इंधन मिळून सेकंदाला साधारण १६० ग्रॅम धूर होतो. टर्बोतून बाहेर पडताना तो ७०० अंशांवर असेल तर त्याचे आकारमान सुमारे ०.४ घनमीटर भरते.

दीड मिलिमीटर जाडीच्या दोन इंची पाइपातून हा वायू सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जाईल, अडीच इंचीतून १४५ आणि तीन इंचीतून १०० मीटर. अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून दोन इंची पाइप या गाडीला कोंडतो, अडीच इंची चालतो आणि तीन इंची मोकळा पडतो. अडीचवरून तीन इंचावर जाताना व्यास २० टक्के वाढतो, क्षेत्रफळ ४४ टक्के, आणि सरळ पाइपातला घर्षणाचा तोटा सुमारे ६० टक्क्यांनी उतरतो. गॅरेजांत रुळलेले आडाखे याच गणिताच्या जवळचे आहेत: दीडशे अश्वशक्तीपर्यंत दोन ते सव्वादोन इंच, अडीचशेपर्यंत अडीच इंच, त्यापुढे चारशेच्या आसपासपर्यंत तीन इंच. डिझेल गाडी तेवढ्याच शक्तीसाठी जास्त हवा घेते, पण तिचा धूर थंड असतो. त्यामुळे माप फारसे वेगळे येत नाही.

मागे जाता जाता वायू थंड होतो. ७०० अंशांचा धूर ५०० अंशांवर आला की त्याचे आकारमान पाचव्या हिश्श्याने घटते. म्हणून टर्बोलगतचा डाउनपाइप रुंद आणि मागचा पाइप एक माप कमी, ही मांडणी शास्त्राला धरून आहे. उलट मांडणी, म्हणजे कंपनीचा अरुंद डाउनपाइप तसाच ठेवून मागे जाड सायलेन्सर लावणे, हा सर्वांत सर्रास होणारा व्यर्थ खर्च आहे. वायूचा वेग आणि ताप टर्बोलगतच्या पहिल्या अर्ध्या मीटरभरात सर्वांत जास्त असतो आणि तोटाही तिथेच होतो.

रुंदीला वरची मर्यादा असते ती गाडीमुळे. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीच्या गाडीला तीन इंची पाइप लावल्याने टर्बोचे काही बिघडत नाही, पण मिळतही नाही. वजन वाढते, गाडीखालची जागा कमी पडते आणि मंद घुमणारा आवाज केबिनमध्ये शिरतो. गतिरोधकांच्या रस्त्यांवर खाली लोंबणारा पाइप पहिल्याच पावसाळ्यात चेपतो, आणि चेपलेला तीन इंची पाइप शाबूत अडीच इंचीपेक्षा वाईट ठरतो.

वाट कशी आखावी

टर्बाइनमधून निघणारा वायू भोवऱ्यासारखा फिरत बाहेर येतो. तो सरळ व्हायला थोडी जागा लागते. म्हणून टर्बोच्या तोंडापासून पाइपाच्या पूर्ण मापापर्यंत हळूहळू रुंद होणारा शंकू द्यावा आणि पहिला बाक शक्य तितका पुढे ढकलावा. वेस्टगेटमधून सुटलेला धूर टर्बाइनच्या लोटावर आडवा आदळला तर दोन्ही अडतात. त्याला तिरक्या कोनात, काही अंतरावर मिळू द्यावे.

बाक घालण्याच्या पद्धतीत या धंद्याचा इतिहास दिसतो. जुने मिस्त्री पाइपात कोरडी वाळू ठासून भरत, दोन्ही तोंडे लाकडी खुंट्यांनी बंद करत आणि भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीवर लाल करून तो साच्याभोवती वाकवत. आतली वाळू भिंतीला चेपू देत नसे आणि बाक गोल येई. नंतर हायड्रॉलिक प्रेस आले. काम झटपट होऊ लागले, पण बाकाच्या पोटात पाइप चपटा होऊ लागला आणि अडीच इंची पाइप बाकापाशी दोन इंचीसारखा वागू लागला. साध्या सायलेन्सरला हे चालून गेले, टर्बोला चालले नाही. आतून आधार देत वाकवणारे मँड्रेल यंत्र किंवा त्यावर वाकवलेले तयार बाक कापून जोडणे हा त्यावरचा उपाय. तेही नसेल तर पाइपाच्या तिरप्या चकत्या कापून, एकामागे एक टाके मारून बाक जुळवतात. स्टेनलेस पाइप आर्गॉन वेल्डिंगने जोडताना आतूनही आर्गॉन भरावा लागतो, नाहीतर सांध्याच्या आत काळी खरखर तयार होते आणि तिथूनच तडा सुरू होतो.

इंजिन रबरी माउंटवर हलते आणि पाइप गाडीच्या तळाला टांगलेला असतो. दोघांमध्ये जाळीचा लवचीक तुकडा नसेल तर सगळा ताण टर्बोच्या फ्लँजवर येतो आणि मॅनिफोल्डच तडकतो. ऑक्सिजन सेन्सर मूळ अंतरावर ठेवावा लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम असतानाच काम करतो, म्हणून त्याची जागा टर्बोलगत. जास्त शक्तीसाठी तो काढून टाकण्याऐवजी मोठ्या तोंडाचा कन्व्हर्टर त्याच जागी बसवणे हाच नीट मार्ग. तेलाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या आणि इंधनाची टाकी यांच्यापासून अंतर आणि मध्ये उष्णतारोधक पत्रा ही अट कुठल्याही मापाच्या आधी येते. आवाजासाठी सरळ जाणारा, छिद्रांच्या नळीभोवती काचतंतू भरलेला मफलर वायूला फारसे अडवत नाही. टर्बाइननेच आवाजाचा काही भाग गिळलेला असल्यामुळे टर्बो गाडी मोकळ्या पाइपातही शांत ठेवता येते.

कायदा आणि नवी इंजिने

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आवाज आणि धुराचे नियम मोडल्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत नेला. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. या कारवाईत सापडतो तो बहुधा आतली नळी काढून पोकळ केलेला डबा. त्याने आवाज वाढतो, वायूची वाट मात्र होती तशीच राहते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे भारत स्टेज ६ हे नियम लागू झाले. डिझेल गाड्यांत टर्बोनंतर काजळी पकडणारा फिल्टर आला, आणि त्याच्या आधी-नंतरच्या दाबातला फरक गाडीचा संगणक सतत मोजतो. १ एप्रिल २०२३ च्या पुढच्या टप्प्याने रस्त्यावर प्रत्यक्ष चालतानाच्या धुरालाही मर्यादा घातली. अशा गाडीत पाइप, फिल्टर, सेन्सर आणि इंजिनाचे संगणकीय गणित हे सगळे एकाच जोडणीचे भाग आहेत. एक बदलला की बाकीचे बिघडतात. गॅरेजांच्या हाती आता मुख्यतः फिल्टरनंतरचा पाइप, त्याचे टांगणे, गंज आणि गळती यांची दुरुस्ती उरते.

टर्बोच्या अलीकडच्या भागातही बदल होत आहे. नव्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड वेगळा राहत नाही. तो ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याच्याभोवती पाणी खेळते. वाट आणखी आखूड होते, इंजिन लवकर तापते आणि पूर्ण भारावर धूर बेताच्या तापमानात राहतो. त्यामुळे मोटारींसाठीच्या बिडाच्या मॅनिफोल्डची मागणी घटण्याची दिशा दिसते, तर ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर आणि बांधकाम-यंत्रांच्या मोठ्या डिझेल इंजिनांना तो लागतच राहील. ऑइल इंजिनाची मागणी ओसरल्यावर या फाउंड्र्यांनी मोटारीचे काम उचलले होते. आता त्यांना तशीच पुढची निवड करायची आहे. धातू कोणताही असो, टर्बो बसवलेल्या प्रत्येक इंजिनात निवडीचा क्रम मात्र तोच राहतो: आधी वायूचे प्रमाण मोजायचे, मग टर्बोच्या अलीकडची वाट आखूड आणि गरम ठेवायची, पलीकडची मोकळी ठेवायची, आणि आवाज व धूर यांची मर्यादा पाळूनच माप पक्के करायचे.